मराठवाड्यात बरसीमची पेरणी केव्हा करावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोयाबीनची काढणी उरकत आली, विहिरीला आणि बोअरला बऱ्यापैकी पाणी दिसू लागले की दुधाची जनावरे सांभाळणाऱ्या शेतकऱ्यांच्या मनात हिरव्या चाऱ्याचा विचार सुरू होतो आणि बरसीमविषयी विचारणा वाढते. या विचारणांपैकी बहुतेक प्रश्न बियाणे, खत किंवा वाणाचे वाटत असले, तरी खोलात गेल्यावर त्यांचे मूळ पेरणीच्या वेळेत सापडते. म्हणून येथे त्या एकाच विषयाभोवती उत्तरे दिली आहेत. आफ्रिकेतील उंच प्रदेशांत बरसीमच्याच परिवारातले क्लोव्हर पावसाळ्यात पेरतात, असे वाचून किंवा व्हिडिओत पाहून जे शेतकरी संभ्रमात पडतात, त्यांच्यासाठी त्या प्रदेशांची माहितीही सविस्तर दिली आहे.

बरसीम म्हणजे क्लोव्हरच का?

होय. क्लोव्हर हा ट्रायफोलियम या प्रजातीतील द्विदल चारापिकांचा मोठा परिवार आहे आणि बरसीम हा त्यातलाच एक, मूळचा इजिप्तकडचा सदस्य आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे पीक इजिप्तमधून सिंधमार्गे भारतात आले आणि कालव्याच्या पाण्यावर पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेशात रुजले. पांढरे क्लोव्हर आणि लाल क्लोव्हर हे याच परिवारातले बहुवर्षायू सदस्य थंड हवेचे आहेत. आपल्या देशात पांढरे क्लोव्हर हिमालयात किंवा उटीसारख्या दोन हजार मीटरहून उंच ठिकाणी दिसते. मराठवाड्याच्या शेतकऱ्याच्या उपयोगाचे क्लोव्हर म्हणजे बरसीम. ते एका हंगामाचे, रब्बीचे आणि बागायती पीक आहे.

मराठवाड्यात पेरणीची योग्य वेळ कोणती?

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ही सर्वांत चांगली वेळ आहे आणि नोव्हेंबरचा पहिला आठवडा ही चालण्याजोगी शेवटची मुदत समजावी. नक्षत्रांच्या भाषेत सांगायचे, तर हस्ताचा पाऊस होऊन जावा, चित्रात जमीन तयार व्हावी आणि चित्राच्या उत्तरार्धापासून स्वातीपर्यंत बी पडावे. १५ नोव्हेंबरनंतर बरसीम पेरण्याचा विचार सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तारखेपेक्षा तिच्यामागचे कारण महत्त्वाचे आहे. दिवसरात्रीचे सरासरी तापमान २५ अंश सेल्सिअसच्या आसपास आले की बरसीमचे बी उत्तम उगवते आणि पुढची वाढ १५ ते २५ अंशांच्या दरम्यान जोमाने होते. दिवसाचा पारा ३५ अंशांच्या वर टिकू लागला की पीक मंदावते, पाने लहान होतात आणि फुटवे थांबतात. मराठवाड्यात ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मान्सून परततो, त्यानंतर काही दिवस ऑक्टोबर हीट जाणवते, मग रात्री गार होऊ लागतात आणि मार्चच्या मध्यापासून ऊन पुन्हा चटका देऊ लागते. म्हणजे या पिकाच्या मनासारखे हवामान आपल्याकडे जेमतेम साडेचार ते पाच महिने असते. पंजाबमध्ये ही मुदत एप्रिल-मेपर्यंत लांबते, तशी ती आपल्याकडे लांबत नाही. मागचा दरवाजा मार्चमध्ये बंद होणार हे ठरलेले असल्यामुळे पेरणीच्या वेळेचा सगळा हिशेब मार्चपासून मागे मोजत करावा लागतो.

एका महिन्याचा उशीर झाला, तर नुकसान किती होते?

एका महिन्याच्या उशिराने एका महिन्याचाच चारा कमी होईल, असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात नुकसान त्याहून जास्त होते. २० ऑक्टोबरला पेरलेले पीक उबदार जमिनीत चार-पाच दिवसांत वर येते, पहिली कापणी साधारण पन्नासाव्या दिवशी म्हणजे डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मिळते, पुढे पंचवीस ते तीस दिवसांच्या अंतराने जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चच्या सुरुवातीला कापण्या होतात आणि मार्चअखेरीस एक हलकी पाचवी कापणीही हाती येते. तेच बी २० नोव्हेंबरला पडले, तर उगवण लांबते, रोपटे ऐन थंडीत दोन-तीन पानांवर अडून बसते आणि पहिली कापणी साठ-पासष्ट दिवसांनी, जानेवारीच्या उत्तरार्धात होते. त्यानंतर फेब्रुवारीत एक आणि मार्चच्या मध्यास एक कापणी झाली की ऊन आडवे येते. म्हणजे पाच कापण्यांच्या जागी तीनच पदरी पडतात.

याचे कारण रोपट्याच्या वाढीच्या पद्धतीत आहे. लहान रोपाला पाने कमी असतात, त्यामुळे ते अन्न कमी तयार करते. मुळे आणि बुडखा पुरेसा भरल्याशिवाय फुटवे येत नाहीत. हा पायाभरणीचा काळ उबदार दिवसांत गेला, तर बुडखा थंडी सुरू होण्याआधीच तयार होतो आणि मग डिसेंबर-जानेवारीची थंडी त्याला मानवते. तो काळ थंडीत गेला, तर तीच थंडी त्याला रोखून धरते. परभणी परिसरात डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान १० अंशांच्या खाली उतरते तेव्हा उशिरा पेरलेल्या वाफ्यात आणि वेळेवर पेरलेल्या वाफ्यात पडलेला फरक बांधावरून दिसतो.

मग सप्टेंबरमध्येच पेरले तर एखादी कापणी जास्त मिळणार नाही का?

कागदावर मिळते, शेतात मिळत नाही. सप्टेंबरच्या उत्तरार्धात आपल्याकडे जोरदार पाऊस होतो. बरसीमचे बी इतके बारीक असते की हजार दाण्यांचे वजन जेमतेम तीन ग्रॅम भरते. एक चांगली सर पडली की ते वाहून वाफ्याच्या एका कोपऱ्यात साचते किंवा चिखलाखाली गाडले जाते. पावसानंतर ऊन पडले की काळ्या जमिनीवर पापुद्रा धरतो आणि कोवळ्या अंकुराला तो फोडता येत नाही. त्यातूनही जी रोपे वाचतात, ती उष्ण आणि दमट हवेत बुडाशी कुजतात, शिवाय खरिपाचे तण त्यांच्या डोक्यावरून वाढते.

बरसीममध्ये विरळ उगवण ही पूर्ण हंगामाची शिक्षा असते, कारण आपण एकाच झाडोऱ्यावर चार-पाच वेळा विळा चालवणार असतो. सुरुवातीला जेवढी रोपे टिकली, तेवढ्यांच्याच बुडख्यांतून पुढचा सगळा चारा येतो. मोकळ्या राहिलेल्या जागेत तण बसते आणि ते प्रत्येक कापणीत चाऱ्याबरोबर गोठ्यात जाते. त्यामुळे आधी पेरून मिळवलेला लाभ मार्चपर्यंत तोट्यात फिरतो.

आफ्रिकेच्या उंच प्रदेशांत क्लोव्हर पावसाळ्यात पेरतात. आपण का पेरू नये?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचे मला कौतुक वाटते, कारण त्यात जमिनीचे एक खरे साम्य दडलेले आहे. इथिओपियाच्या मध्यवर्ती उंच प्रदेशात मराठवाड्यासारखीच भारी काळी जमीन मोठ्या प्रमाणावर आहे. ती पावसाळ्यात चिभडते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिथे क्लोव्हरच्या अनेक स्थानिक जाती कुरणांत आपोआप उगवतात. ट्रायफोलियम क्वार्टिनियानम, ट्रायफोलियम स्ट्यूडनेरी आणि ट्रायफोलियम टेम्बेन्स ही त्यांपैकी काही नावे. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या आणि अदिस अबाबा येथे तेव्हा मुख्यालय असलेल्या आंतरराष्ट्रीय पशुधन केंद्राने या जातींचा चारापीक म्हणून अभ्यास केला. पाणी साचणाऱ्या काळ्या जमिनीतही त्या तग धरतात आणि स्फुरद दिल्यास त्यांची वाढ लक्षणीय सुधारते, हे त्या अभ्यासातून पुढे आले.

मात्र जमीन सारखी असली, तरी हवा सारखी नाही. देब्रे झेत हे संशोधनाचे ठिकाण सुमारे १,८५० मीटर उंचीवर आहे, तर देब्रे बरहान २,७०० मीटरहूनही उंच आहे. उंची हजार मीटरने वाढली की तापमान साधारण सहा अंशांनी उतरते. म्हणून विषुववृत्तापासून केवळ नऊ अंशांवर असूनही त्या पठारावर जून ते सप्टेंबरच्या मुख्य पावसाळ्यात हवा गार असते आणि क्लोव्हरला हवे असलेले तापमान व ओलावा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मिळतात. आपल्याकडे त्या वेगवेगळ्या काळात येतात. पावसाळ्यात ओल असते, पण उष्मा जास्त असतो. हिवाळ्यात गारवा असतो, पण ओल आपल्याला विहिरीतून किंवा कालव्यातून आणावी लागते. तिकडचे क्लोव्हर पावसाचे पीक आहे, आपले बरसीम पाटपाण्याचे. पेरणीची वेळ बदलण्याचे हे मूळ कारण आहे.

तिकडच्या शेतकऱ्याला पेरणीच्या वेळेची अडचण येतच नाही का?

येते, आणि ती समजून घेतली की आपली अडचण अधिक स्पष्ट होते. तिथे वर्षभरात सरासरी तापमान फारसे बदलत नाही आणि दिवसाची लांबीही साडेअकरा ते पावणेतेरा तासांच्या दरम्यानच फिरते. त्यामुळे पेरणीची वेळ ठरवणारा मुख्य घटक पाऊस आहे. जूनअखेर पाऊस स्थिरावताच बी पडले, तर पिकाला वाढीसाठी पावसाळ्याचे पूर्ण महिने मिळतात. ऑगस्टमध्ये पडले, तर सप्टेंबरनंतर पाऊस संपतो, जमीन कोरडी होत जाते आणि पीक पुरेसे पसरण्याआधीच फुलावर येऊन थांबते. अधिक उंचीवर ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून रात्री दव गोठू लागते, तो आणखी एक धोका. उलट बाजूला, फार लवकर पेरून जुलै-ऑगस्टच्या मुसळधार पावसात लहान रोपे पाण्याखाली राहिली, तर तीही पिवळी पडतात.

तेथील काळ्या जमिनीतले साचलेले पाणी काढून देण्यासाठी रुंद वरंबा सरी (बीबीएफ) पद्धत वापरात आणली गेली. त्या पद्धतीवरचे मूळ काम आपल्या शेजारच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेत झाले होते. इथिओपियात १९८०च्या दशकात ती बैलांच्या पारंपरिक नांगराला जोडून रुंद वरंबे पाडण्याच्या स्वरूपात नेली गेली. आज मराठवाड्यात सोयाबीन बीबीएफवर पेरणारा शेतकरी आणि देब्रे झेतजवळचा शेतकरी यांच्यामध्ये हा धागा आहे आणि तो जपण्याजोगा आहे. बीबीएफवर सोयाबीन घेतलेल्या शेतात परतीच्या पावसाचे पाणी साचत नाही, त्यामुळे रान लवकर वाफशावर येते आणि ऑक्टोबरमध्ये बरसीमची मशागत वेळेत सुरू करता येते.

बालाघाटच्या डोंगररांगेत किंवा म्हैसमाळसारख्या ठिकाणी उंचीचा फायदा मिळेल का?

थोडा मिळेल, पण हंगाम बदलण्याइतका नाही. परभणी समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंचीवर आहे, लातूर सहाशेच्या पुढे आणि म्हैसमाळ हजार मीटरच्या आसपास. परभणी आणि म्हैसमाळ यांच्यात उंचीमुळे फार तर चार अंशांचा फरक पडतो. त्यामुळे अंबाजोगाई, पाटोदा किंवा कन्नडच्या उंच भागात पेरणी ऑक्टोबरच्या मध्यापासूनच सुरू करता येईल आणि मार्चमधली शेवटची कापणी परभणी-नांदेडच्या खोलगट भागापेक्षा बरी मिळेल. पण अठराशे मीटरवरच्या पठाराचे वेळापत्रक हजार मीटरवर लागू होत नाही, मग चारशे-सहाशे मीटरवर तर नाहीच.

दिवस लहान-मोठा होण्याचा बरसीमवर परिणाम होतो का?

होतो. दिवस मोठा होऊ लागला की बरसीम फुलाकडे वळते. इजिप्तच्या नाईल खोऱ्यात हिवाळ्यात दिवस दहा तासांचा आणि उन्हाळ्यात चौदा तासांचा असतो. आपल्याकडे तो अकरा ते सव्वातेरा तासांच्या दरम्यान असतो. मार्चमध्ये वाढता दिवस आणि वाढते ऊन एकत्र आले की पिवळसर पांढरी बोंडे दिसू लागतात, खोड पोकळ आणि राठ होते. पेरणी उशिरा केली म्हणून हा क्षण पुढे ढकलला जात नाही. म्हणून उशिराच्या पिकाला पानांची वाढ करण्यास वेळच उरत नाही.

सोयाबीननंतर बरसीम घ्यायचे, तर मधल्या दिवसांत काय करावे?

सोयाबीन हे बरसीमच्या आधीचे सर्वांत सोयीचे पीक आहे, कारण ते दसऱ्याच्या आगेमागे निघते. कापूस डिसेंबरपर्यंत उभा राहतो आणि तूर त्याही पुढे जाते, म्हणून त्या रानात बरसीमचा विचार करू नये. सोयाबीन निघताच धसकटे वेचून, वाफसा असतानाच एक नांगरट किंवा रोटाव्हेटर आणि दोन वखरपाळ्या द्याव्यात. ढेकळे राहू देऊ नयेत. बी जर वाटाण्याएवढ्या ढेकळाखाली गेले, तर ते बाहेर येत नाही. नंतर जमीन समतल करून सारे पाडावेत. साऱ्याची रुंदी आपल्या पाण्याच्या प्रवाहानुसार ठेवावी, मात्र सपाटी चोख असावी, कारण खोलगट जागी बी वाहून येऊन साचते आणि उंचवट्यावर ओल पोहोचत नाही.

पेरणीआधी एकरी दोन-तीन गाड्या चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. रासायनिक खतात हेक्टरी २० किलो नत्र आणि ८० किलो स्फुरद पेरणीच्या वेळीच द्यावे. सिंगल सुपर फॉस्फेटच्या हिशेबाने हे स्फुरद गुंठ्याला पाच किलो होते आणि त्याबरोबर गंधकही मिळते. इथिओपियातील क्लोव्हरप्रमाणेच बरसीमही स्फुरदाला चांगला प्रतिसाद देते. उशिरा पेरलेल्या पिकाला जास्त खत देऊन वेळ भरून काढता येईल, ही आशा मात्र बाळगू नये, कारण थंडीत मुळांची शोषणशक्तीच कमी असते.

बियाणे कोणते घ्यावे आणि त्यावर कोणती प्रक्रिया करावी?

वरदान, मेस्कावी, जेबी-१ आणि बीएल-१ हे वाण प्रचलित आहेत. आपल्या भागात नेमका कोणता वाण चालतो, याविषयी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. बियाणे हेक्टरी २५ ते ३० किलो, म्हणजे गुंठ्याला साधारण ३०० ग्रॅम लागते.

बियाण्यात कासनी या तणाच्या बियांची भेसळ असते आणि ती डोळ्यांना सहज दिसत नाही. दहा लिटर पाण्यात एक किलो मीठ विरघळवून त्यात बी टाकावे आणि हाताने ढवळावे. कासनीचे हलके बी आणि पोचट दाणे वर तरंगतात, ते गाळणीने काढून टाकावेत. तळाशी बसलेले पिवळसर, तुकतुकीत बी स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन घ्यावे, कारण मीठ राहिले तर पुढे लावायचे जिवाणू मरतात. धुतलेले बी रात्रभर भिजवल्यास उगवण लवकर आणि एकसारखी होते. वेळेच्या दृष्टीने या भिजवण्याने वाचणारे एक-दोन दिवसही मोलाचे आहेत.

ज्या शेतात बरसीम पहिल्यांदाच येत आहे, तिथे मुळांवर गाठी करणारे रायझोबियम जिवाणू लावल्याशिवाय पेरू नये. सोयाबीनचे, हरभऱ्याचे किंवा लसूणघासाचे जिवाणू बरसीमच्या मुळांवर गाठी करत नाहीत. क्लोव्हरसाठीचे वेगळे जिवाणूसंवर्धक मागून घ्यावे. गुळाच्या थंड पाण्यात ते कालवून बियाण्याला चोळावे, सावलीत सुकवावे आणि त्याच दिवशी पेरावे. संवर्धक मिळाले नाही, तर ज्या शेतात आधी बरसीम चांगले आले होते, तेथील वरच्या थराची माती आणून पेरणीच्या वेळी मिसळावी. पाच-सहा आठवड्यांनी एखादे रोप हलकेच उपटून गाठ फोडून पाहावी. आत गुलाबी रंग दिसला, तर नत्राचे काम सुरू झाले आहे. गाठी नसतील किंवा आतून पांढऱ्या असतील, तर पीक फिकट का पडत आहे याचे उत्तर तिथेच मिळते.

पेरणी ओल्यात करावी की कोरड्यात?

उत्तरेत वाफ्यात पाणी भरून त्यावर बी फोकण्याची पद्धत आहे. मध्यम जमिनीत ती आपल्याकडेही चालते, परंतु वारा असलेल्या दिवशी पाण्यावर फोकलेले बी एका बाजूला जमा होते, म्हणून हे काम वारा पडल्यावर संध्याकाळी करावे. भारी काळ्या जमिनीत साऱ्यात कोरड्यात बी फोकून किंवा २५ ते ३० सेंटिमीटर अंतरावर काकरी पाडून, एक ते दीड सेंटिमीटरपेक्षा खोल न जाऊ देता हलके झाकावे आणि लगेच हलके पाणी सोडावे. तीन-चार दिवसांनी अंबवणीचे दुसरे हलके पाणी द्यावे, म्हणजे पापुद्रा मऊ होतो आणि जमिनीला भेगा पडत नाहीत. हे अंबवणीचे पाणी चुकले की भारी जमिनीत उगवण हमखास विरळ होते.

पाणी किती लागते? कालव्याच्या आवर्तनावर हे पीक जमेल का?

थंडीत बारा-पंधरा दिवसांनी, फेब्रुवारीपासून आठ-दहा दिवसांनी आणि प्रत्येक कापणीनंतर लगेच पाणी द्यावे लागते. पूर्ण हंगामात बारा ते पंधरा पाळ्या होतात. जायकवाडी, माजलगाव किंवा पूर्णा प्रकल्पाच्या केवळ आवर्तनावर अवलंबून राहून बरसीम करू नये, कारण आवर्तनांमधले अंतर या उथळ मुळांच्या पिकाला सोसत नाही. विहीर किंवा शेततळ्याची जोड असेल तरच करावे. ज्या वर्षी पाऊस कमी झाला आहे आणि फेब्रुवारीत विहीर तळ गाठणार हे दिसत आहे, त्या वर्षी बरसीमच्या जागी रब्बी ज्वारी घेऊन कडबा राखणे शहाणपणाचे आहे. मराठवाड्याने दुष्काळात चारा छावण्यांची वेळ पाहिलेली आहे, तेव्हा पिण्याच्या पाण्याशी स्पर्धा करणारे चारापीक कोणी घेऊ नये, असे मला मनापासून वाटते.

परतीचा पाऊस लांबला आणि वेळ हुकत चालली, तर काय करावे?

ऑक्टोबरअखेरपर्यंत पाऊस रेंगाळला, तर वाफसा येण्याआधी ओल्या रानात औत घालण्याची घाई करू नये. चिखलात केलेली मशागत ढेकळांच्या रूपाने हंगामभर नडते. थोडी तयारी आधीच असेल, तर दहा नोव्हेंबरपर्यंतची पेरणी साधता येते. अशा वेळी बियाणे गुंठ्याला ५० ग्रॅमने वाढवावे, भिजवलेले बी वापरावे आणि त्यात मोहरीचे थोडे बी, एकरी अर्धा किलोच्या आसपास, मिसळावे. मोहरी थंडीतही झपाट्याने वाढते आणि पहिल्या कापणीचे वजन राखते. एकदा कापली की ती पुन्हा फारशी फुटत नाही, त्यामुळे बरसीमला अडथळाही करत नाही. वेळेवरच्या पेरणीतही ही युक्ती उपयोगी आहे.

पंधरा नोव्हेंबर उलटून गेले असेल, तर ओट किंवा आफ्रिकन टॉल मका पेरावा. त्या पिकांचा चारा एक-दोन कापण्यांतच मिळतो, पण हमखास मिळतो. बरसीमसाठी आणलेले बी कोरड्या, थंड जागी हवाबंद ठेवून पुढच्या वर्षी उगवणक्षमता तपासून वापरता येते. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून सातव्या दिवशी मोजल्यास हिशेब कळतो.

कापणी कधी आणि किती उंचीवर करावी?

पहिली कापणी पन्नास ते पंचावन्न दिवसांनी, पुढच्या पंचवीस ते तीस दिवसांनी. जमिनीपासून पाच-सात सेंटिमीटर बुडखा ठेवावा, कारण नवे फुटवे तिथल्या डोळ्यांतून येतात. पहिल्या कापणीची घाई करू नये. चाळीसाव्या दिवशी कापलेले पीक दुसऱ्या कापणीला आठवडाभर मागे पडते.

बरसीमने जनावरांचे पोट फुगते म्हणतात, ते खरे आहे का?

खरे आहे. उपाशी जनावराला कोवळे, दवाने भिजलेले बरसीम भरपूर घातले, तर पोटफुगी होते आणि ती जिवावर बेतू शकते. आधी कडबाकुट्टी किंवा सोयाबीनचे काड खाऊ घालावे, मग बरसीम द्यावे, आणि सुरुवातीचे आठ दिवस प्रमाण हळूहळू वाढवावे. कापलेला चारा दोन-तीन तास सुकवून दिल्यास धोका कमी होतो. डावी कूस ताणलेली दिसली, जनावर अस्वस्थ झाले, तर घरगुती प्रयोगांत वेळ न दवडता पशुवैद्यकाला बोलवावे.

पेरणीच्या वेळेशी याचाही संबंध आहे. वेळेवर पेरलेल्या पिकाची पहिली कापणी डिसेंबरमध्ये येते, तेव्हा घरात खरिपाचे कोरडे काड भरपूर असते आणि दोन्हींचे मिश्रण सहज जमते. बरसीमच्या शुष्क भागात प्रथिने साधारण १७ ते २० टक्के असतात, त्यामुळे अशा मिश्रणावर देवणी, लाल कंधारी गाई किंवा मराठवाडी म्हैस यांच्या पेंडीचा खर्च काही प्रमाणात कमी होतो.

लसूणघास असताना बरसीम कशाला?

लसूणघासाचे मूळ खोल जाते, ते तीन-चार वर्षे टिकते आणि उन्हाळ्यातही चारा देते. कायमचे पाणी आणि स्वतंत्र तुकडा असेल, तर लसूणघासच घ्यावे. बरसीम त्या शेतकऱ्यासाठी आहे, ज्याला जूनमध्ये त्याच रानात पुन्हा सोयाबीन किंवा कापूस घ्यायचा आहे आणि हिवाळ्यातच जास्तीत जास्त हिरवा चारा हवा आहे. मागे राहणाऱ्या मुळांचा आणि नत्राचा लाभ पुढच्या पिकाला मिळतो, तो वेगळाच.

घरचे बियाणे धरता येईल का?

धरता येते, पण आपल्याकडे ते किफायतशीर ठरेल याची खात्री नाही. बियाण्यासाठी फेब्रुवारीच्या मध्यानंतर कापणी थांबवावी लागते आणि मग फुले नेमकी वाढत्या उन्हात सापडतात, त्यामुळे दाणे कमी भरतात. परागीभवन मधमाश्यांवर अवलंबून आहे, म्हणून त्या काळात त्या तुकड्यावर कीटकनाशक फवारू नये. उशिरा पेरलेल्या शेतात बियाणे धरण्याचा प्रयत्न करूच नये.

पहिल्यांदाच करून पाहायचे आहे. किती क्षेत्र पेरावे?

दहा गुंठे पुरेत. हेक्टरी ५०० क्विंटल हे वेळेवर पेरलेल्या पिकाचे उत्पादन धरले, तर दहा गुंठ्यांतून हंगामात सुमारे पाच टन हिरवा चारा मिळतो. डिसेंबर ते मार्च या साधारण ११० दिवसांत तो रोज ४५ किलोच्या आसपास पडतो, म्हणजे तीन दुभत्या जनावरांना प्रत्येकी पंधरा किलो. हे दहा गुंठे पाच-पाच गुंठ्यांचे दोन भाग करून एक २० ऑक्टोबरच्या सुमारास आणि दुसरा सात-आठ दिवसांनी पेरावा, म्हणजे सगळा चारा एकदम कापणीला येत नाही. रोज एक-दोन सारे कापत पुढे गेल्यास शेवटच्या साऱ्यापर्यंत पोहोचेतो पहिला सारा पुन्हा कापणीला आलेला असतो. दोन्ही भागांच्या पेरणीची आणि प्रत्येक कापणीची तारीख व वजन वहीत लिहून ठेवावे. आपल्या रानात, आपल्या पाण्यावर एका आठवड्याच्या फरकाने किती किलो चारा कमी-जास्त होतो, हे त्या नोंदींवरून पुढच्या ऑक्टोबरपूर्वी कळेल.